धाकट्याला वाटलं, मला भूक लागलीय

मित्रांनो, आधी माझी तक्रार ऐका. आमच्या मालकीणबाईंचा धाकटा मुलगा डोळे असून बघत नाही. मी पाण्यावर तोंड काढून धापा टाकतेय आणि हा पठ्ठ्या म्हणतो, "आई, ही म्हातारी हावरट झालीय गं, सारखी खायला मागते!" आणि वर मूठमूठ खाद्य ओततो.

हावरट? मी? अहो, मी या तळ्यातली सगळ्यांत जुनी मासळी आहे. बोटाएवढी होते तेव्हा पिशवीतून इथे आले. आज तळ्यातली निम्मी पिलावळ माझी आहे. एके काळी पाहुणे आले की मालकीणबाई मलाच दाखवायच्या. "ही आमची थोरली," म्हणायच्या. मीही मग मुद्दाम काठाकाठाने मिरवायची. पुढे ते कौतुक आटलं. म्हातारीला कोण विचारतो!

यंदाच्या उन्हाळ्यात बाहेरून विकत आणलेली नवी पिल्लं आली. धाकट्याने ती वेगळी ठेवली नाहीत, थेट आमच्यात सोडली. त्यांच्या कल्ल्यांत बारीक किडे होते. मित्रांनो, आम्ही श्वास घेतो तो कल्ल्यांनी. तिथेच हे मेले आकडे रुतवून बसतात. आम्ही दगडांवर अंग घासायचो, वर येऊन हवा शोधायचो, आणि वरून खाद्याचा मारा! उरलेलं तळाशी कुजलं, पाणी आणखी बिघडलं. एका सकाळी माझ्या दोन लेकी उलट्या तरंगल्या.

तेव्हा कुठे मालकीणबाईंनी माशांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी माझ्या कल्ल्याचं झाकण उचललं. "हे लालभडक हवेत. बघा, कसे फिके आणि बुळबुळीत झालेत."

"म्हणजे भूक नव्हती?" धाकटा पुटपुटला.

"तुझं नाक दाबून तोंडात घास कोंबू का? मग कळेल!" मालकीणबाई कडाडल्या.

बाकीच्यांसाठी तळ्यात मोजून औषध पडलं. माझी अवस्था वाईट, म्हणून मला मिठाच्या पाण्याचा टब. मीठ किड्यांना मारतं, पण वेळ जास्त झाला तर मासळीलाही. "ही कलंडली की लगेच उचल," डॉक्टरीणबाईंनी धाकट्याला बजावलं. माझं अंग चरचरलं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याचा हात खिशाकडे गेला आणि मी कलंडले. संपलं, म्हटलं. पण फोन वाजतच राहिला आणि दोन ओले हात माझ्या पोटाखाली आले.

मी सावरले. डॉक्टरीणबाईंनी काही दिवसांनी पुन्हा टब द्यायला सांगितलं, तर हा म्हणतो, "बरी झाली की! परत टब कशाला?"

"किडे मेले, पण त्यांची अंडी मेली का रे?" मालकीणबाईंनी विचारलं. दुसऱ्या वेळी टब त्यानेच भरला. फोन घरी ठेवून आला होता.

आज सकाळी मी वर आले. त्याने खाद्याची मूठ उचलली, थांबला आणि वाकून माझ्या कल्ल्यांकडे नीट बघितलं. "काय गं म्हातारे, भूक की धाप?"

मी तोंड पाण्याबाहेर काढून त्याला ठणकावून सांगितलं, "भूक, मेल्या, भूक! पण आधी विचारलंस ना? यापुढे असंच आधी बघ, मग मूठ सोड. जा, आजपासून तुला माझ्या पोरांत धरलं."