ऑर्डर निघून राह्यली

"आई, आता अर्धा घंटा मिक्सर नको लावू. अन् कोणी आलं तं सांग, करिष्मा घरी नाई."

"घरी तं आहेस."

"मुलाखत आहे माही, आई!"

"मंग तसंच सांगतो ना. खोटं काऊन सांगू?" असं म्हणून गुणाबाई दारात पाट टाकून राखणीला बसली.

आत करिष्मा रामटेके, वय वर्षं एकोणचाळीस, मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून साहेबाची वाट पाहत होती. साहेब व्हिएतनाममध्ये होता आणि ती पोंभुर्ण्यात. तिथल्या एका संस्थेला इंग्रजी शिकवणारे हवे होते. ही मुलाखत मयुरीनं जुळवून दिली होती. मयुरी तिच्याच शाळेतली, तिच्याच हाताखाली शिकवायला शिकलेली, आणि आठ वर्षांपूर्वी तिकडे गेलेली. करिष्मानं अर्ज केला तो गाजराची पुंगी म्हणून. वाजली तर वाजली.

मागं साधी भिंत ठेवा, असं मयुरीनं बजावलं होतं. पण घरातल्या एकुलत्या एक धड भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब होते. त्यांना उतरवून आपण साहेबापुढं बसायचं, हे करिष्माला पटेना. मोबाईलच्या चौकटीत बाबासाहेब काही मावले नाहीत, बुद्ध तेवढे तिच्या डोक्यामागं बरोबर आले. साडी पांढरी होती, कारण गुणाबाईनं हट्ट धरला होता. "चांगल्या कामाले पांढरंच नेस. विहारात जातो तसं."

साहेब म्हातारा निघाला, आणि स्वभावानं मऊ. त्यानं अर्जावर नजर टाकली आणि हळूच विचारलं, "म्हणजे बारा वर्षं तुम्ही कॉन्व्हेंटमध्ये आहात?"

"येस सर. ट्वेल्व्ह इयर्स."

आता आपल्याकडं, वरोऱ्यापासून सिरोंच्यापर्यंत, एबीसीडी शिकवणाऱ्या कुठल्याही शाळेला कॉन्व्हेंटच म्हणतात. टिनाचं छप्पर असो की गोठ्याला लागून वर्ग असो, पोरांच्या गळ्यात टाय आला की झालं कॉन्व्हेंट. तिथं ना मेरी असते, ना मेणबत्ती. पण हे त्या साहेबाला कोण सांगणार? तो तिच्या डोक्यामागच्या बुद्धाकडं बघत राहिला, मग पांढऱ्या साडीकडं.

"आणि आता तुम्ही ऑर्डर सोडली आहे का?" त्यानं जपून विचारलं. "हॅव यू लेफ्ट द ऑर्डर?"

ऑर्डर! हा शब्द ऐकला आणि करिष्मा सावरून बसली. मास्तरकीत ऑर्डर एकच, कायम नेमणुकीचं पत्र. बारा वर्षं ती त्याच एका कागदासाठी थांबली होती. साहेबाला हे कसं कळलं, याचं तिला नवल वाटलं, पण विचारलंच आहे तर खरं सांगावं.

"नो सर," ती म्हणाली, "आय नेव्हर गॉट द ऑर्डर. ट्वेल्व्ह इयर्स आय अॅम वेटिंग."

साहेबाचा चेहरा उतरला. फार कठीण गेलं असेल, असं तो म्हणाला. "व्हेरी हार्ड, सर," करिष्मा म्हणाली. बारा वर्षांत कोणी इतक्या मायेनं ऑर्डरबद्दल विचारलं नव्हतं. मुलाखत संपताना त्या साहेबानं तिला दोन्ही हात जोडले.

चौथ्या दिवशी पत्र आलं. नोकरी पक्की! करिष्मानं तीन वेळा वाचलं आणि आईला मराठीत सांगू लागली. "म्हणते का, आमी ज्याइची बोली इंग्रजी आहे त्याइलेच घेतो, पण सिस्टरसाठी नियम बाजूले ठेवतो..."

"सिस्टर?" गुणाबाईनं मध्येच तोडलं. "नर्सची नोकरी आहे का थे?"

करिष्माही अडखळली. तिनं मयुरीला फोन लावला, पत्र वाचून दाखवलं, आणि तिकडून जे हसू सुरू झालं ते थांबेचना.

"ताई, अवो ताई! थो तुमाले भिक्षुणी समजून राह्यला!"

"का म्हणतं?"

"कॉन्व्हेंट म्हणजे इकडं मठ, ताई. ऑर्डर म्हणजे संघ. तुमी सांगतलं, बारा वर्सं मठात आहो अन् दीक्षा भेटली नाई! वरून पांढरी साडी, मांगं बुद्ध. इथी विहारात लहान लहान भिक्षुणी पोरी आहेत, त्याइले इंग्रजी शिकवाले तुमाले घेऊन राह्यले." मग तिचं हसू ओसरलं. "आता आयका. काईच बोलू नका. तिकीट थे काढून राह्यले. आल्यावर दोन महिन्यांनी सांगजा, संघ सोडला म्हणून. कोण विचारते?"

कोण विचारते! करिष्मा पुढचे तीन दिवस हेच घोकत होती. तिनं खोटं कुठं सांगितलं होतं? एकेक शब्द खरा होता. चूक झाली असेल तर इंग्रजीची, आणि इंग्रजी काही तिच्या घरची नव्हती. तिनं पासपोर्ट काढून पाहिला, बॅग उन्हात टाकली. आठ वर्षांपूर्वीसुद्धा हीच बॅग काढली होती.

तेव्हा मातृभाषेचा नियम नव्हता, आणि मयुरी आणि ती, दोघींनाही तिकडून नोकरीचं बोलावणं होतं. पण शाळेचे मालक श्रीहरीभाऊ तिला बाजूला घेऊन म्हणाले होते, "मॅडम, कुठी जाता? तुमची ऑर्डर निघून राह्यली. सहीच बाकी आहे." आपल्या बोलीत ही मोठी सोय आहे. काम होत नाही आणि झालं नाही असंही होत नाही, ते आपलं होऊन राह्यलेलं असतं. मयुरी गेली. करिष्मा सहीसाठी थांबली.

चौथ्या दिवशी ती विहारात गेली. वंदना झाल्यावर शेजारच्या रुखमाबाईची नात सगळ्या म्हाताऱ्यांच्या पाया पडत पडत तिच्याही पाया पडली. करिष्मानं चटकन पाय मागं घेतले. तिकडच्या त्या मुंडण केलेल्या पोरी अशाच वाकतील, तथागताच्या नावानं वाकतील, आणि आपण त्या नमस्कारावर पगार घ्यायचा. घरी येऊन तिनं पत्र लिहिलं. मी भिक्षुणी नाही. आमच्याकडं शाळेला कॉन्व्हेंट म्हणतात. मी साधी शिक्षिका आहे, आणि मला ही नोकरी फार हवी आहे.

उत्तर दोन ओळींचं आलं. खरं सांगितल्याबद्दल आभार. मात्र शिक्षिका म्हणून, इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाच आम्ही घेतो.

"बरं केलं," गुणाबाई म्हणाली. पण करिष्माला मुळीच बरं वाटलं नाही. पुण्य लागल्यासारखं तर त्याहून नाही. हात दाखवून अवलक्षण केलं, असंच तिला वाटलं, आणि मोरीत पाणी सोडून ती पोटभर रडली. रडू त्या पत्राचं कमी होतं, आठ वर्षांपूर्वीच्या त्या बॅगेचं जास्त होतं. तेव्हा कुणी भिक्षुणी समजलं नव्हतं, तेव्हा तिला तिच्याच नावानं बोलावलं होतं.

सोमवारी शाळेच्या फाटकाशी श्रीहरीभाऊ उभे होते.

"मॅडम, फारेनले जाऊन राह्यल्या म्हणे?"

"नाई जाऊन राह्यली, भाऊ."

"बरं झालं. तुमची ऑर्डर..."

"निघून राह्यली," करिष्माच म्हणाली आणि वर्गाकडं चालू लागली.

पाचवीच्या धड्यात तोच शब्द होता. तिनं फळ्यावर 'ऑर्डर' लिहून अर्थ विचारले. पिंकी म्हणाली, क्रम. कुलदीप म्हणाला, "मोबाईलवर मंगवते थे." कोणी म्हणालं, हुकूम.

"अजून एक आहे," करिष्मा म्हणाली. "सगळं सोडून मठात राहणारे लोक असतात ना, त्यांच्या संघालाही ऑर्डर म्हणतात."

कुलदीपनं हात वर केला. "टीचर, त्याइले पगार भेटते?"

"नावापुरता."

"थे पळून नाई जात? कोणी बांधून ठेवते का?"

"नाही. दार उघडंच असतं."

"मंग काऊन राह्यते थे तिथी?"

करिष्मा फळा पुसायला वळली. तेवढ्यात जेवणाच्या सुट्टीची घंटा झाली.

पोरं दाराकडं उसळली.

"स्टँड इन ऑर्डर!" ती म्हणाली, बारा वर्षं रोज म्हणत आली तसंच.

पोरं थबकली. लहान पुढं, मोठी मागं, अशी रांग लागली. सगळ्यांत मागं करिष्मा उभी राहिली, आणि रांग हलायची वाट पाहू लागली.