चौथ्या चॅनलवर चार वाजता

श्यामकांतांनी स्कॅनरची एरियल बाल्कनीच्या कठड्याबाहेर काढली, घड्याळ बघितलं आणि आवाजाचं बटण आणखी थोडं फिरवलं. चार वाजून सहा मिनिटं झाली होती. चौथ्या चॅनलवर चिटपाखरू नव्हतं.

बुधवारी ते पुण्याला परत निघणार होते. जर्मनीत बॉबलिंगेनला लेकीकडे येऊन अडीच महिने झाले होते आणि त्यातले दोन महिने नऊ वर्षांची नात अन्वी त्यांच्याशी मराठीत एक शब्दही बोलली नव्हती. दोष पोरीचा नव्हता. पहिल्याच आठवड्यात ती मोठ्या हौसेने आजोबांशी मराठीत बोलायला गेली, वाक्य भलतंच वाकडं झालं आणि श्यामकांत पोट धरून हसले. तेवढ्यावर थांबले असते तर एक वेळ निभावलं असतं. त्यांनी पुण्याला धाकट्या बहिणीला, प्रभाला, फोन लावून ते वाक्य नातीच्या आवाजाची नक्कल करून ऐकवलं. अन्वी दारातच उभी होती. त्या दिवसापासून ती आजोबांशी फक्त जर्मन बोलू लागली आणि आजोबांचं जर्मन आभाराच्या ‘डांके’पुढे सरकलेलं नव्हतं.

माणूस पस्तीस वर्षं पोलिसांच्या बिनतारी विभागात काढलेला. वेळ जाईना, म्हणून त्यांनी रेडिओ स्कॅनर घ्यायचं काढलं. जावई मयुरेशने हौसेने महागडा डिजिटल दाखवला. त्यावर ऐकू काय येईल, असं विचारल्यावर कळलं, की इथल्या पोलिसांचं बोलणं डिजिटल तर आहेच, वर कुलूपबंदही आहे. कुठल्याच स्कॅनरला ते उघडत नाही आणि ऐकायला कायद्याने मनाई आहे. मुक्ताने, त्यांच्या लेकीने, आणखी एक बजावलं. आपल्यासाठी नसलेलं काही चुकून कानावर पडलंच, तर ते दुसऱ्या कोणाला सांगायचं नाही. सगळी नोकरी वायरलेसवर कान लावून केलेल्या माणसाला या कायद्याची मोठी गंमत वाटली. त्यांनी साधा, जुन्या पद्धतीचा अॅनलॉग स्कॅनर निवडला. पोरांच्या वॉकीटॉकी तशाच साध्या असतात, त्या कोणीही ऐकाव्यात, आणि अन्वीच्या स्काउटच्या तुकडीकडे त्या होत्या. हे कारण मात्र त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

चॅनल भरायला बसले, तेव्हा अन्वी आपणहून शेजारी येऊन टेकली. आजोबा आकडे बोटाने दाखवत होते, ती बटणं दाबत होती. तासभर दोघांत शब्द नाही. शेवटी तिने आपली वॉकीटॉकी आणून तिच्यावरचा बारा आकडा दाखवला. या सेटमधून बोलण्याच्या खालून एक बारीक गुणगुण जात असते, ऐकणाऱ्याला न कळणारी. ती जुळली तरच समोरचा सेट तोंड उघडतो. बारा हा त्या गुणगुणीचा नंबर. श्यामकांतांनी तोच भरला. मग अन्वीने आईला जर्मनमध्ये काहीतरी विचारलं.

“बाबा, यावरून तुम्हाला उलट बोलता येतं का, असं विचारतेय,” मुक्ता म्हणाली.

“नाही. हा फक्त ऐकतो.”

अन्वीने थोडा विचार केला आणि आईच्या कानात पुटपुटली. शनिवारी समोरच्या टेकडीवरच्या जंगलात तिचा खेळ होता. आजोबांनी चार वाजता चौथ्या चॅनलवर ऐकावं, असा निरोप होता.

आता चार वाजून अकरा मिनिटं झाली, तरी स्कॅनर गप्पच. समोर टेकडी स्वच्छ दिसत होती. पोरीने विचार बदलला असेल, श्यामकांतांना वाटलं, आणि तिने बदलला तर तिचं काय चुकलं? त्यांना स्वतःच्या त्या हसण्याची पुन्हा एकदा लाज वाटली. नुसतं बसवेना, म्हणून ते बटणांशी चाळा करू लागले. पडद्यावर बारा दिसला आणि त्यांनी कपाळावर हात मारला.

प्रत्येक कंपनी गुणगुणीला आपापले नंबर देते. तिच्या सेटचा बारा तो यांच्या सेटचा बारा असेलच, असं नाही. नव्याने भरती झालेल्या पोरांना हे त्यांनीच पढवलं होतं, की आधी सगळं उघडं ठेवून ऐका, मग दारं लावा. त्यांनी बाराची ती अट काढून टाकली.

बाल्कनीभर जर्मन पोरांचा कलकलाट झाला. मग तो थांबला आणि एक ओळखीचा आवाज आला.

“आजोबा, मी अन्वी. हे मी तीन वेळा बोलते. तू ऐकतो का, मला माहीत नाही. आमचा टीम हरला. माझा बूट पाण्यात गेला. पण खूप मजा आला. आल्झो... म्हणजे... तू बुधवारला जातो. पण परत ये. ओके. संपलं.”

मुक्ता चहा घेऊन दारात आली होती. तिला हसू फुटणार, तोच श्यामकांतांनी ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि चहा गार होईपर्यंत टेकडीकडे बघत राहिले.

साडेपाचला अन्वी घरी आली, तेव्हा श्यामकांतांचा मोबाइल स्पीकरवर होता. मुक्ताने तोवर बातमी पुण्याला कळवली होती.

“दादा, बोलली म्हणे मराठीत!” प्रभा म्हणत होती. “काय म्हणाली? सांग ना, अगदी जसंच्या तसं.”

अन्वी ओला बूट हातात धरून दारात थबकली. श्यामकांतांनी तिच्याकडे एकदा बघितलं.

“नाही सांगता येत, प्रभा. रेडिओवर ऐकलेलं दुसऱ्याला सांगायचं नसतं. इथला कायदा आहे तसा.”

प्रभाने त्यांच्या कायद्याचा उद्धार करून फोन ठेवला. अन्वी आत आली आणि बूट त्यांच्यापुढे धरून उभी राहिली.

“आजोबा, बघ. खूप ओला झाली.”

श्यामकांतांनी बूट दोन्ही हातांत घेतला आणि तो किती ओला झालाय, ते नीट बघितलं.