शाळेच्या विहिरीवर फुटलेला पान्हा

नव्या विहिरीचं पाणी आमच्याकडे आधी म्फुमू चाखतात. गावच्या प्रमुखबाई त्या. त्यांच्याआधी कुणी थेंब तोंडाला लावत नाही. म्हणून शाळेच्या विहिरीत जंतू मारायची पावडर टाकली तेव्हा आम्ही पाणी समितीच्या बायकांनी हापशाला साखळी घालून कुलूप ठोकलं. पावडर कशी टाकायची ते शिकवायला आलेला माणूस दोनदा बजावून गेला होता, "एक रात्र ठेवा आणि सगळं पाणी उपसून टाका." पण म्फुमूंच्या आधी उपसायचं म्हणजे त्यांना उष्टं दिल्यासारखं. कुणी उपसलं नाही. मीही नाही.

बुधवारी म्फुमूंनी घोट घेतला आणि पावडरीच्या उग्र वासाने सगळ्या गावासमोर थुंकून टाकला.

संध्याकाळपर्यंत घरोघर एकच बोलणं. पाण्यात बायकांची कूस बंद करायचं औषध आहे. माझ्या आईची थोरली बहीण, मोठी आई एनेलेसी, वर म्हणाली, "दूधसुद्धा आटेल." शाळेनेही सांगून टाकलं की शुक्रवारपासून पोरांनी पुन्हा दलदलीतल्या डबक्याचं पाणी बाटलीतून आणावं. त्याच पाण्याने गेल्या पावसाळ्यात माझी लेक तमांदा अकरा दिवस जुलाबाने पडून होती. तिला उचलताना हाताला नुसती हाडं लागायची.

गुरुवारी उजाडताच चार महिन्यांच्या लिंबानीला पाठीशी बांधून मी शाळेत गेले आणि कुलूप काढलं. उपसत राहिले. हात भरून आले की कम्फुलुसा सर हापसा धरायचे, तास सुरू झाला की पुन्हा मी. दुपारी वास गेला. तोवर बायका जमल्या होत्या, मोठी आई सगळ्यांत पुढे.

"काय गं तमांदाच्या आई, तळाचे मासे शोधतेस का?"

"वास घेऊन बघ, मोठी आई. गेला."

"वास गेला, औषध कुठं गेलं?"

"तिकडे मातीत ओतलंय सगळं."

"मग पी की! अंगावरचं पोर आहे तुझं. पी, आणि पाज त्याला आमच्यासमोर."

मी पेला भरून प्याले. मग लिंबानीला पुढे घेतलं. त्याने तोंड लावलं, दोनदा ओढलं आणि मान फिरवली.

सकाळपासून पोटात काही नव्हतं, दिवसभर हापसून जीव कासावीस झालेला. दूध उतरत नाही ते त्यामुळे, हे मला कळत होतं. तरी छातीवर हात गेलाच. खरंच आटलं तर? मी दुसऱ्या बाजूला घेतलं. तो ताठ होऊन रडायला लागला.

"अगं बाई," कुणीतरी हळूच म्हणालं. बायका रिकाम्या बादल्या उचलून निघाल्या.

वर्गातून सुटलेली तमांदा माझ्याजवळ आली. "आई, उद्या मग डबक्यावरच जायचं?"

मी लिंबानीला खांद्यावर घेऊन थोपटत राहिले.

निघालेल्या बायकांत नासिबेको होती. तिच्या पाठीवरची दोन महिन्यांची पोर तेवढ्यात उठली आणि तिने भुकेने टाहो फोडला. तो आवाज कानी पडला मात्र, माझ्या छातीत मुंग्या आल्या. मला पान्हा फुटला. झंपर दोन्हीकडून भिजला, ओघळ पार पोटापर्यंत आला.

"अगं थांबा, थांबा! हिचाच हापसा सुरू झाला बघा!" एकजण ओरडली.

हसण्याचा एकच गलका झाला. लाजेने मला कुठे तोंड लपवू असं झालं. मोठ्या आईने जवळ येऊन भिजल्या कापडाला बोट लावलं, हुंगलं.

"दूधच आहे," ती म्हणाली. तिला ते फारसं आवडलेलं दिसलं नाही. "मी आपली हे पाणी भांडी घासायला नेते. प्यायचं नंतर बघू."

लिंबानी आता घटाघटा पीत होता. माझं लक्ष मात्र बादल्यांवर. एक भरली, घराकडे गेली. दुसरी भरली, तीही घराकडेच. उद्या पोरं काय पिणार? तमांदा बाटली घेऊन अजून उभीच होती.

नासिबेकोने पोरीला अंगाशी घेतलं, एका हाताने बादली उचलली आणि वर्गाच्या ओट्यावरच्या, पोरांच्या प्यायच्या माठात रिती केली.

"बघत काय बसलीस?" ती मला म्हणाली. "माठ मोठा आहे. अजून चार लागतील."