पाहुणे आणायला

टेबलावर अंथरलेलं पांढरं कापड टेलरबाईंनी पुन्हा एकदा ओढून काढलं आणि इस्त्रीखाली घेतलं. सुरकुती औषधालाही नव्हती. पण हात रिकामे राहिले की ते खिडकीचा पडदा बाजूला करायला धावत होते, आणि पडद्याआडून रस्त्याकडे बघणारी म्हातारी म्हणून गल्लीत नाव पाडून घ्यायची त्यांची तयारी नव्हती.

खुर्चीवर देवदूतांचे झगे पडले होते. नाताळच्या नाटुकल्यात चर्चमधली पोरं ते घालणार होती. खालच्या पट्ट्या दुमडायचं काम बाकी होतं आणि उद्या झगे द्यायचे होते. बाईंनी दुपारी एक घेतला, सुई ओवली, दोन टाके घातले, ते वाकडे आले म्हणून उसवले, मग झगा होता तसा ठेवून दिला. आपल्या हातून वाकडा टाका? त्यांना स्वतःचाच राग आला.

चर्चची रीत जुनी होती. नाताळच्या आधीचा आगमनकाळ सुरू झाला, वेदीजवळची पहिली जांभळी मेणबत्ती पेटली, की मारिया आणि योसेफ यांच्या लाकडी मूर्ती एका टोपलीतून घरोघर फिरायला निघत. रोज एक घर. ज्यांच्याकडे मुक्काम झाला त्यांनी दुसऱ्या संध्याकाळी टोपली पुढच्या घरी न्यायची, दार वाजवायचं आणि विचारायचं, "मुक्कामाला जागा आहे का?" आतल्यांनी म्हणायचं, "आहे, या आत." मग प्रार्थना व्हायची, चहा व्हायचा, चार गप्पा व्हायच्या. नाताळच्या आदल्या संध्याकाळी टोपली चर्चमध्ये पोचायची आणि दोघं जण गोठ्यात, रिकाम्या गव्हाणीपाशी उभी राहायची. शेवटचा मुक्काम नेहमी टेलरबाईंकडे असे, कारण त्यांचं घर चर्चला लागून होतं.

या वर्षी शेवटच्या आधीचं घर त्यांच्या मुलीचं होतं.

तसं कोणी मुद्दाम केलं नव्हतं. मुलगी आणि जावई बेकरीपलीकडच्या इमारतीत राहायला आले होते आणि टोपली गल्ल्यांच्या क्रमाने फिरे. पण ते कळल्यापासून बाईंच्या जिवाला थारा नव्हता. मुलीशी अबोला धरून दोन वर्षं होत आली होती. शिलाई मशीन दुरुस्त करायला एक मशीनवाला यायचा. गोड बोलायचा, हात स्वच्छ ठेवायचा, चहाला कधी नाही म्हणायचा नाही. मशीन दुरुस्त करता करता त्याने मुलगीच नेली. बरं, नेली ती नेली. मुलीने आईचं शिवणाचं दुकानही सोडलं आणि त्याच्याबरोबर मशीनच्या सुट्या भागांचं दुकान थाटलं. बाप गेल्यापासून दोघी समोरासमोर बसून शिवत होत्या. आता समोरचं मशीन फडक्याखाली झाकून पडलं होतं. लग्नात बाई शेवटच्या बाकावर बसल्या, फोटोच्या आधी उठल्या, आणि जाता जाता मुलीला ऐकवून आल्या, "तुझ्या घराची पायरी मी चढणार नाही." मुलगीही त्यांचीच. तिने म्हटलं, "नको चढू."

आणि बाई शब्दाच्या पक्क्या. दुर्दैवाने.

आज टोपली घेऊन मुलगी स्वतः येईल का, एवढाच प्रश्न होता. ती आली तर बाई काही बोलणार नव्हत्या, मागचं काढणार नव्हत्या, नुसतं "या आत" म्हणणार होत्या. रीतच होती ती. त्यात कमीपणा कसला? पण तिने नवऱ्याला पाठवलं, किंवा शेजारच्या कोणाच्या हाती टोपली धाडली, तर मग संपलंच. मग आपल्याला मुलगी नाही असं समजून चालायचं. बाईंनी हे कालपासून इतक्या वेळा ठरवलं होतं की आता त्यांना त्याचीच भीती वाटत होती.

दारावर थाप पडली. बाईंनी इस्त्री उभी केली, केसांवरून हात फिरवला आणि घसा साफ केला.

"आमच्या पोराचा झगा झाला का हो?" दारात एका देवदूताची आई उभी होती.

"उद्या म्हटलंय ना!" बाई खेकसल्या. "आज म्हटलं होतं का मी? उद्या म्हणजे उद्या."

ती बिचारी दोन पावलं मागे सरली. बाईंनी दार लावलं आणि लगेच त्यांना ओशाळल्यासारखं झालं. सणासुदीला कोणाच्या अंगावर जायचं? पण दार पुन्हा उघडून माफी मागण्याइतकंही चित्त थाऱ्यावर नव्हतं.

बाहेर दिवे लागले. बाईंनी चहाचं पाणी चढवलं, उकळलं, गॅस बंद केला. पुन्हा चढवलं. मेणबत्ती टेबलाच्या मधोमध ठेवली, मग कडेला ठेवली. कप तीन काढले. तिसरा परत कपाटात ठेवला. मग म्हटलं, आलाच जावई मागोमाग तर दारात काय कपाट उघडत बसायचं, आणि पुन्हा काढला. रस्त्यावर पावलं वाजली की कान टवकारायचे, पावलं पुढे गेली की जीव खाली बसायचा. येणार नाही. तिच्या बापासारखीच हट्टी. बाप तरी कुठे हट्टी होता म्हणा. तो बिचारा गरीब होता. हट्ट कोणाचा घेतला, या विचाराशी बाई अडखळल्या आणि उगाचच काडेपेटी शोधू लागल्या.

या वेळी थाप पडली नाही, दार सरळ उघडलं. अशी एकच बाई येत असे. चर्चच्या गायनवृंदात ती सगळ्यांच्या वरून गाई, म्हणून अख्खी गल्ली तिला भोंगा म्हणे. तोंडावर म्हणे, आणि तिलाही त्याचा अभिमान होता.

"अगं, तू अजून घरातच?" भोंगा म्हणाली. "मला वाटलं टोपली आलीसुद्धा. सरावाला जाता जाता म्हटलं मारियेच्या पाया पडून जावं."

"मी घरात नाही तर कुठे असणार? आणून देतील तेव्हा येईल टोपली."

"आणून देतील?" भोंगा त्यांच्याकडे बघतच राहिली. "आणून कोण देणार? या वर्षी आपण जाऊन आणायची आहे ना! फादरांनी पहिल्याच रविवारी सांगितलं की. मिस्सा संपताना, सूचनांमध्ये."

रविवारची उपासना, म्हणजे मिस्सा, संपताना टेलरबाई कधीच चर्चमध्ये नसत. मुलगी पलीकडच्या रांगेत बसे. शेवटपर्यंत थांबलं तर पायऱ्यांवर गाठ पडणार. म्हणून सूचना सुरू झाल्या की बाई बाजूच्या दाराने सटकत. लग्नापासूनचा हाच शिरस्ता होता.

"काय सांगितलं फादरांनी?"

"ते म्हणाले, इतकी वर्षं आपण काय करतो? दार लावून आत बसतो आणि म्हणतो, प्रभू ये. म्हणजे यायचं त्याने, आणि आपण नुसती कडी काढायची. अरे, पण नाताळ म्हणजे काय? देव वाट बघत बसला नाही. माणसं येतील, सुधारतील, मग बघू, असं म्हणाला नाही. उठला आणि निघाला. तर या वर्षी ज्याच्या घरी पाहुणे यायचे त्याने उठायचं, जायचं आणि म्हणायचं, चला आमच्याकडे." भोंग्याने श्वास घेतला. "मला तर बाई रडूच आलं."

"तुला इस्त्रीची जाहिरात ऐकूनही रडू येतं."

"येतं. पण तू जा आता. ती दोघं वाट बघत असतील."

"कोण दोघं?"

"मारिया आणि योसेफ," भोंगा म्हणाली, आणि जराही न हसता सरावाला निघून गेली.

बाई खोलीच्या मध्यभागी उभ्या राहिल्या. म्हणजे तिकडे मुलगी संध्याकाळपासून दाराकडे बघत बसली असणार. आई येते का, स्वतः येते की भोंग्याला पाठवते. आणि आई आलीच नाही. तिने काय समजायचं? तेच, जे आपण समजणार होतो.

"मी पायरी चढणार नाही म्हटलंय," बाई मोठ्याने म्हणाल्या. त्यांनी कोट अंगात घातला, काढला, खुंटीला लावला. गॅस बंद करून चहाच्या भांड्यावर झाकण ठेवलं. मग एकदम कोट ओढला आणि बाहेर पडल्या. दार लावायचं राहिलं, फोन टेबलावर राहिला, पायांत घरातल्या चपला होत्या. हे त्यांना बेकरीच्या मागे पोचल्यावर कळलं. मोठ्या रस्त्याने त्या गेल्याच नाहीत. लोकांनी बघितलं असतं. मागच्या बोळातून, पिठाच्या रिकाम्या पोत्यांच्या कडेने त्या जवळजवळ धावत निघाल्या.

इमारतीखाली त्यांचा पाय अडला. समोर पायऱ्या होत्या. साध्या, सिमेंटच्या, एकीचा कोपरा उडालेला. बाईंनी कठडा धरला. पहिली चढल्यावर काही झालं नाही. दुसरी चढल्यावरही नाही. मग त्या दम लागेपर्यंत चढतच गेल्या.

दार जावयाने उघडलं. हातात मशीनचा कसलासा भाग होता आणि बोटं तेलाने काळी झाली होती. तो इतका गडबडला की आधी तो भाग पाठीमागे लपवला.

"आई! या ना. या."

बाईंना वाटेत वाक्य पाठ झालं होतं. त्या दारातच ताठ उभ्या राहून म्हणाल्या, "पाहुणे न्यायला आलेय. चला आमच्याकडे."

जावई वळून टेबलाकडे बघू लागला. टेबलावर टोपली नव्हती. मधोमध विझवलेली मेणबत्ती होती.

"ती तर टोपली घेऊन तुमच्याकडेच गेली," तो म्हणाला. "आत्ताच. मोठ्या रस्त्याने. दिसली नाही तुम्हाला?"

"माझ्याकडे? पण फादरांनी तर..."

"हो ना. मी पण तेच म्हटलं, की त्या येतील, थांब. तर म्हणाली, आईला माहीतच नसणार. आई सूचनांच्या आधी निघून जाते." त्याने हातातला भाग बाजूला ठेवला. "दर रविवारी बघते ती, तुम्ही जाताना. बाजूचं दार लागेपर्यंत."

बाईंनी चौकट धरली. त्यांना वाटत होतं, आपलं सटकणं कोणाला दिसत नाही.

"आधी आत या तुम्ही," तो म्हणाला. "बसा. चपला असू देत."

त्या आत आल्या. स्वयंपाकघर लहान होतं आणि फार स्वच्छ होतं. मधोमध मेणबत्ती, पांढरं कापड, त्यावर कप. तीन कप मांडलेले. बाईंनी ते पाहिले आणि चटकन खुर्चीवर बसल्या. जावई भिंतीला टेकून उभा राहिला.

"मशीन कसं चाललंय?" शेवटी त्याने विचारलं.

"टाका सोडतं."

"येऊन बघू का?"

बाई उत्तर देणार तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"अरे, आई घरात नाही! दार सताड उघडं, दिवा चालू, इस्त्री गरम आहे अजून, फोन टेबलावर. बाथरूममध्ये बघितलं, मागे बघितलं. काहीतरी झालंय रे तिला. तू ये लवकर, मी भोंगाबाईंकडे..."

जावयाने फोन बाईंपुढे धरला. काळी बोटं लागू नयेत म्हणून दोन बोटांच्या चिमटीत धरला होता. बाईंनी तो घेतला.

"मी आहे," त्या म्हणाल्या.

"आई? कुठे आहेस तू?"

"तुझ्याकडे."

"माझ्याकडे म्हणजे?"

"म्हणजे तुझ्या स्वयंपाकघरात. खुर्चीवर बसलेय."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. लहानपणी पडली की रडू दाबायला ती अशीच नाक ओढायची, आणि बाई म्हणायच्या, नीट रड, अर्धवट काम करू नकोस. आता त्यांचंच तोंड वाकडं झालं आणि त्यांनी ते जावयापासून लपवलं नाही.

"थांब तिथेच," मुलगी म्हणाली. "जाऊ नकोस हं. मी टोपली घेऊन परत येते."

"नको," बाई म्हणाल्या. "टोपली ठेव टेबलावर. त्यांचं घर आलं. इस्त्री बंद कर, दार ओढून घे, आणि तू मोकळ्या हाताने ये."

"तू जाणार नाहीस ना?"

"नाही जात."

त्यांनी फोन परत दिला, उठून कोट काढला आणि खोलीभर नजर फिरवली.

"हा कुठे ठेवायचा?" त्यांनी जावयाला विचारलं.