एकही सुई आत गेली नाही

"आता?"

सिस्टरांनी रबरी चपला घातलेल्या पायांवर उभं राहून लाकडी पट्टीने मेन स्विच पुन्हा वर ढकलला. खटका क्षणभर टिकला आणि पडला.

"नाही," त्या म्हणाल्या.

छताच्या कडेतून उतरणारं पाणी भिंतीवरून ओघळत सरळ मीटरच्या पेटीवर पडत होतं. पावसाचा सहावा दिवस होता, दुपारचे तीन वाजले होते. कॉटवर त्यांचा नवरा पडून होता. त्याच्या नाकातली नळी एरवी ऑक्सिजनच्या यंत्राला असायची. आता ती उशाशी ठेवलेल्या राखीव सिलिंडरला जोडली होती. यंत्राला वीज लागते. सिलिंडरला लागत नाही, पण सिलिंडर संपतो.

"किती उरलाय?"

"मिनिटाला दोन लिटरच्या धारेने पाऊण तास." खोटा धीर देणं सिस्टरांना कधी जमलं नव्हतं. चौतीस वर्षं वॉर्डात काढली, तिथेही नाही. निवृत्तीनंतरही सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणायची. नवराही म्हणायचा, विशेषतः चिडवायचं असलं की.

त्यांनी अॅम्ब्युलन्सला फोन केला. पुलावर पाणी होतं, दोन तास तरी लागणार होते. शेजारचं घर महिनाभर बंद होतं आणि त्या घराचं सुरूचं झाड मात्र यांच्या छपरावर वाकून सुया गाळत होतं. मग त्यांनी पत्रेवाल्याला लावला.

"बाई, मी पुलाच्या पलीकडे अडकलोय," तो म्हणाला. "पण मी तेव्हाच बोललो होतो की नाही?"

बोलला होता. दोन महिन्यांपूर्वी पन्हळीवर जाळी बसवायला आला तेव्हा झाडाकडे बघून त्याने मान हलवली होती. "पान असतं तर जाळी चालली असती. पान वाळतं, उडून जातं. ही सुई. ही अडकते, एकीवर एक बसून गादी होते. मग पाणी पन्हळीत जातच नाही, वरून भिंतीकडे वळतं. साफसफाई चुकत नाही बाई, आधी पन्हळीत हात घालायचा, आता जाळीवरून खरवडायचं. एवढाच फरक."

सिस्टरांनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं होतं. "हे माझ्या मुलाला सांगू नका. गपचूप बसवा."

कारण जाळी पावसासाठी नव्हतीच. ती मुलासाठी होती. गेल्या वर्षी पन्हळ साफ करताना सिस्टर शिडीच्या दुसऱ्या पायरीवरून घसरल्या आणि मनगट मोडलं. मुलगा रातोरात आला, आईचं प्लास्टर बघून रडला आणि डोळे पुसून म्हणाला, "पुन्हा शिडीवर चढलीस असं कळलं, तर घर विकायचं. तू माझ्याकडे, बाबा शुश्रूषा केंद्रात. माझ्या खोलीत दोघांची सोय होत नाही, आई. मी तरी काय करू?" पाचव्या मजल्यावरची ती एक खोली सिस्टरांनी पाहिली होती. तो खोटं बोलत नव्हता. जाळी बसली त्या दिवशी त्याने शिडी पत्रेवाल्यालाच देऊन टाकली. "आता हिचं काय काम?"

"आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला," तेव्हा नवरा कॉटवरून पुटपुटला होता.

फोन ठेवून सिस्टर आत आल्या. नवऱ्याचे डोळे मिटलेले होते. झोप नव्हती ती. चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त करताना बिघाड कुठे आहे ते शोधायला तो असाच डोळे मिटून कान द्यायचा.

"पन्हळीच्या पाइपातून आवाजच नाही," तो थांबत थांबत म्हणाला. "सगळं पाणी मीटरच्या डोक्यावरून उतरतंय. सगळी जाळी काढत बसू नकोस. तिथली एकच पट्टी काढ."

"कशावर चढू?"

"ते मला ऐकू येत नाही." मग हसू दाबून, "पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर घे. दुसरा खण."

जेवणाचं टेबल दारातून आडवं करून काढावं लागलं. ते भिंतीला टेकवून त्यावर त्यांनी स्टूल ठेवलं. अडुसष्टाव्या वर्षी गुडघा स्टुलावर टेकवला तेव्हा मोडलेलं मनगट आधी बोललं. पाऊस तोंडावर येत होता. जाळीवर सुयांचा तपकिरी नमदा बसला होता, बोटभर जाड, ओल्या कांबळ्यासारखा. वरून खरवडला तर परत तिथेच बसे. पट्टीला आठ स्क्रू होते. मुलाने उभं राहून पक्के आवळून घेतले होते.

पहिले चार निघाले. पाचव्याची खाच गेली. सिस्टरांना घड्याळ दिसत नव्हतं, म्हणून त्या मनात श्वास मोजत होत्या, स्वतःचे नव्हेत. सहावा, सातवा, आठवा निघाला. पाचवा राहिलाच. त्यांनी दोन्ही हातांनी पट्टीचं टोक धरलं आणि सगळं वजन मागे टाकलं. पट्टी त्या एका स्क्रूभोवती कुरकुरत वळली. स्टूल डुगडुगलं. त्या पन्हळीलाच लोंबल्या, पाय पुन्हा लाकडावर येईपर्यंत.

मग उरलेला लगदा मुठीमुठीने बाहेर.

आत आल्या तेव्हा त्या काही बोलायच्या आधीच नवरा म्हणाला, "उतरलं. पाइपाने घोट घेतला."

भिंतीवरची धार आटली होती. सिस्टरांनी पेटी कोरड्या फडक्यांनी टिपली, पुन्हा टिपली, दहा मिनिटं थांबल्या आणि मेन वर केला. खटका टिकला. यंत्र घरघरायला लागलं.

नळी बदलायला त्या वाकल्या आणि थांबल्या. सिलिंडरची चावी दोनवर नव्हती. एकच्याही खाली होती.

"ही कुणी फिरवली?"

"तुला वेळ लागला असता तर?" त्याच्या ओठांवर निळसर छटा होती. "जरा काटकसर केली."

सिस्टरांनी नळी यंत्राला जोडून त्याचं मनगट हातात घेतलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसल्या. मिनिट पूर्ण झालं तरी हात सोडला नाही.

फोन वाजला. मुलाचा होता. सिस्टरांच्या केसांतून पाणी गळत होतं, दात वाजत होते. नवऱ्याने हात पुढे केला.

"आई? आंघोळीला गेलीये." श्वास घेऊन, "हो, जोरात आहे पाऊस. जाळी? उत्तम. एकही सुई आत गेली नाही." पलीकडून बराच वेळ काहीतरी आलं. "मग. मी तुझ्या आईला तेच म्हटलं. पोराने डोकं लावून काम केलं."

फोन ठेवून तो छताकडे बघत राहिला.

"शनिवारी येतोय. किती स्क्रू आहेत?"

सिस्टरांनी ओल्या पदराची गाठ सोडून स्क्रू कॉटवर ठेवले. "सात."

"दोनच लाव. खालून दिसत नाहीत."

सिस्टरांनी स्क्रू पुसून त्याच्या चष्म्याच्या डबीत टाकले. टेबल पुसून जागेवर नेलं. बाहेर पाऊस तसाच होता आणि वाऱ्याच्या प्रत्येक झोतासरशी छपरावर बारीक सरसर ऐकू येत होती. स्टूल त्यांनी स्वयंपाकघरात परत नेलं नाही. दाराआड भिंतीला लावून ठेवलं, हाताशी.