गोजराबाईंच्या बांगड्या

मनोरुग्णांच्या वॉर्डात काच चालत नाही. बाई भरती झाली की हाताला साबण लावून बांगड्या हळूच उतरवायच्या आणि कागदात बांधून घरच्यांच्या हवाली करायच्या, अशी सानपाड्याच्या त्या लहानशा रुग्णालयातली रीत होती.

हौसेराव तिथले इन्चार्ज ब्रदर. बायको गेल्यापासून खांदेश्वरला एकटेच राहत. कामाखेरीज चार शब्द व्हायचे ते दुपारच्या डब्याला, तेजश्री सिस्टरबरोबर. तीही त्यांच्यासारखीच साताऱ्याकडची. हौसेराव अर्धी भाकरी मोडून तिच्या झाकणात ठेवायचे आणि ती भाजी चाखून म्हणायची, "काका, मीठ विसरलात. परवा पण विसरला होता." तेवढ्यावर त्यांचा दिवस निघायचा.

सोमवारी सकाळी रबाळे गावच्या गोजराबाईंनी गोळी घ्यायला मूठच उघडली नाही.

"तिनी माज्या बांगऱ्या फोरल्या, भाऊ."

"कोणी?"

"तुमच्या तेजश्रीनी. चमच्यानी. माजा दादला जिता हाय. जित्या दादल्याच्या बांगऱ्या कोन फोरतं?"

मनगटावर ओरखडे होते. ही बाई गप्प राहिली असती तर बरं झालं असतं, असं हौसेरावांना वाटून गेलं. मग त्या वाटण्याची लाज वाटली.

दुपारी डबे उघडताना त्यांनी विषय काढला.

"साबणानं निघत नव्हत्या?"

"हात सुजले होते हो काका. बाहेर आणखी भरत्या खोळंबलेल्या. बांगड्याच तर होत्या." तेजश्री हसली. "आणि तिचं काय ऐकता? काल म्हणत होती, खाडी पलंगाखाली आलीय. तीपण तक्रार घेतलीत का?"

खाडी आली नव्हती. बांगड्या मात्र फुटल्या होत्या. एवढं बोलायला हौसेरावांना दोनदा पाणी प्यावं लागलं.

"त्यांना जाऊन सांग, चुकलं म्हणून."

"पेशंटला?"

"हो. नाहीतर मला मेट्रनबाईंना कळवावं लागेल."

तेजश्रीने डब्याचं झाकण पुन्हा लावलं.

"बरं, सर."

ती गोजराबाईंच्या पलंगाकडे गेली. हौसेराव वॉर्डाच्या दारात उभे राहिले.

"आजी, चुकलं माझं," तेजश्री म्हणाली. "घाई केली मी."

गोजराबाई तिच्याकडे बघत राहिल्या. "जिता हाय ना गो माजा दादला?"

"आहेत. सकाळीच फोन आला होता त्यांचा. जेवलात का, विचारत होते."

"मंग बरा." गोजराबाईंनी मूठ उघडली.

गुरुवारी एक नवी बाई भरती झाली. जाता जाता हौसेराव थांबले. तेजश्री तिचा हात साबणाच्या पाण्यात धरून बसली होती. "सैल सोडा, मावशी. घाई नाही आपल्याला," म्हणत एकेक बांगडी उतरवत होती. बशीत सगळ्या अख्ख्या होत्या.

"छान केलंस," ते म्हणाले.

"हो, सर," ती म्हणाली. वर बघितलं नाही.

जेवायला ती खालच्या मजल्यावरच्या सिस्टरांकडे गेली. आपण जरा मऊ बोलायला हवं होतं का, याचा विचार करत हौसेरावांनी सवयीने भाकरी मोडली. अर्धी ठेवायला समोर झाकण नव्हतं. ती त्यांनी आपल्याच डब्यात परत ठेवली आणि जेवायला लागले. भाजीत मीठ नव्हतं. तिसऱ्या घासाला ते त्यांच्या लक्षात आलं.