पेवातला सहावा गडी

पेडगावचे चंद्रभान, त्यांचे चिरंजीव महारुद्र, महारुद्रांचे बजरंग. आणि बजरंगांची थोरली लेक वैष्णवी. तीन पिढ्या औतामागे गेल्या. चौथीने पीएच.डी.ला विषय घेतला तो मोबाइलवरच्या खेळांचा. खेळणारा माणूस खेळ सोडतो, तो नेमका कधी, हे तिला शोधायचे होते. त्यासाठी तिने लपाछपीचा एक खेळ रचला आणि त्यात जुने पेडगाव उभे केले: बारव, चावडी, पणजोबांच्या अंगणातले जमिनीखालचे धान्याचे पेव. पेव कधीच बुजले होते. पण चंद्रभान नातवाला, बजरंगांना, त्याच्याविषयी पुनःपुन्हा सांगत; वडिलांकडून ते ऐकलेले, म्हणून वैष्णवीने तेही काढले.

खेळ तिने आधी परभणीच्या मुलींना दिला; त्यांनी तो खेळून निमूट बंद केला. पेडगावच्या बायका मात्र बंद करीनात. लपलेले पाचही गडी सापडले, तरी त्या पेवाभोवतीच घुटमळत राहिल्या.

“धम्मशीलाताई, पाच सापडले की! आता दाबा ते खेळ संपवायचं बटण,” वैष्णवी म्हणाली.

“आन् सहावी?” शेजारची धम्मशीला मान वर न करता म्हणाली. “पेवात बसलीय न्हवं. परकर दिसायलाय तिचा. तूच केलीस आन् मलाच इचारतीस व्हय?”

वैष्णवीने सहावी केलीच नव्हती. तिने सारी जुळणी पुन्हा तपासली. गडी पाचच होते. तिच्या मार्गदर्शकांनी बजावले, “खेळ कुणी संपवतच नसेल, तर सोडण्याचा अभ्यास कशाचा करणार?”

ती बायनाबाईंकडे गेली. बायनाबाई चंद्रभानांची धाकटी लेक, बजरंगांची आत्या. त्यांनी फोन हातात घेतला, पडद्याकडे टक लावून पाहिले आणि हळूच डोक्यावर पदर ओढला. वडीलधाऱ्यांसमोर ओढतात तसा.

“माजी आत्या हाय ही. कडूबाई. माज्या बापावर राज्य आलं, आन् ही पेवात लपली. तेवढ्यात आज्यानं बापाला बैलांमागं धाडलं. बाप गेला, पर हाक न देता गेला.”

“कसली हाक, आजी?”

“डाव मोडला, घरी या! ती हाक आल्याबिगर गडी भाईर यीत न्हाई, बाई. लेकरू बसून ऱ्हायलं. पेवातल्या कोंडल्या हवेनं गेलं. बाप मरंस्तवर म्हणायचा, माज्याकडं हाकेचं देणं हाय. आन् तुज्या खेळात तरी हाक कुठंय? नुस्तं मुकं बटण!”

वैष्णवीने ते बटण काढले. खेळ संपवायचा तर खेळणाऱ्याने हाक मारायची, असे केले. पण दुसऱ्या कुणाच्या हाती देण्याआधी, टळटळीत दुपारी, ती स्वतः बुजलेल्या पेवावर जाऊन उभी राहिली. पडद्यावर पेवाच्या काठाला आतून लहानशी बोटे धरलेली होती. मग चंद्रभानांनी मारली असती तशी, एकेरीत, तिने हाक मारली:

“कडूऽऽ! डाव मोडला, घरी ये!”

पडद्यावरची बोटे सुटली. पेव रिकामे झाले. अंगणासमोर घराच्या उंबऱ्यात बसलेल्या बायनाबाई पदर सावरून बाजूला सरकल्या, आत येणाऱ्याला वाट द्यावी तशा. कुणी दिसले नाही. त्या म्हणाल्या, “फिटलं बाबाचं.”